रोबोकॉनची नवी टीम आणि बॅटरी: नियमपुस्तकापासून तपासणीच्या टेबलापर्यंत

रोबोकॉन म्हणजे कॉलेजच्या टीमनी स्वतः बनवलेल्या रोबोंची स्पर्धा. तिची थीम, म्हणजे त्या वर्षीचा खेळ, जाहीर झाली की त्याच रात्री वर्कशॉपच्या फळ्यावर चाकं, ग्रिपर, लिफ्ट यांची चित्रं उमटायला लागतात. बॅटरी मात्र कुणी काढत नाही. ती 'नंतर कुठेतरी बसवू' या यादीत जाते. मग चॅसी तयार झाल्यावर दोन पत्र्यांच्या फटीत, धारदार कडेला टेकून, केबल टायने आवळलेली सापडते. माझा आग्रह असा की रोबोचं डिझाइन बॅटरीपासूनच सुरू करा. नियमांनी किती व्होल्टची परवानगी दिली आहे त्यावर मोटर ठरते, मोटरवर गिअर आणि ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारं सर्किट) ठरतात, वजनाचा हिशेबही तिथूनच लागतो. शिवाय अख्ख्या रोबोवर स्वतःहून पेट घेऊ शकणारी वस्तू बहुधा हीच असते. तिच्यासाठी उरलेली जागा नव्हे, पहिली जागा राखून ठेवायला हवी.

हा लेख इंजिनिअरिंग किंवा पॉलिटेक्निकच्या पहिल्यांदाच उतरणाऱ्या टीमसाठी आहे. एबीयू (एशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन) रोबोकॉन ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली आणि तिचं महाराष्ट्राशी जुनं नातं आहे. आंतरराष्ट्रीय फेरी २००८ आणि २०१४ अशी दोनदा पुण्यात झाली, आणि २००८ची थीम तर आपल्या दहीहंडीवर बेतलेली होती. डीडी (दूरदर्शन) रोबोकॉनची राष्ट्रीय फेरीही बरीच वर्षं बालेवाडीच्या क्रीडासंकुलात भरायची. आता ती दिल्लीत होते, त्यामुळे इथल्या टीमला बॅटऱ्या घेऊन लांबचा प्रवास करावा लागतो. त्याबद्दलही पुढे लिहिलं आहे.

पहिली पायरी: नियमपुस्तकाचं ते एक पान

पुस्तक हातात आलं की आधी ऊर्जास्रोताचा आणि सुरक्षिततेचा भाग वाचा. टीममधल्या एकाने नव्हे, यांत्रिक बाजू बघणाऱ्यांसकट सगळ्यांनी. अलीकडच्या वर्षांत त्यात साधारण या गोष्टी येत आल्या आहेत.

रोबो, कंट्रोलर किंवा खेळात वापरायचं कोणतंही उपकरण यांची बॅटरी २४ व्होल्टपेक्षा जास्त नको. बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या तर त्यांची बेरीजही २४च्या आत हवी. सर्किटमध्ये कुठेही ४२ व्होल्टपेक्षा जास्त व्होल्टेज नको, आणि एकमेकांपासून वेगळी ठेवलेली सर्किटं असतील तर त्यांच्या व्होल्टेजची बेरीजही ४२च्या आत. लेड-ॲसिड बॅटरी, जेल प्रकारचीसुद्धा, चालत नाही. दाबलेली हवा वापरायची तर ६०० किलोपास्कलपर्यंत, म्हणजे साधारण ६ बार. प्रत्येक रोबोवर इमर्जन्सी स्टॉपचं बटण हवंच. शिवाय एखादा ऊर्जास्रोत धोकादायक वाटला तर तो नाकारण्याचा अधिकार आयोजकांकडे असतो.

आकडे आणि शब्दरचना वर्षागणिक बदलू शकतात. म्हणून मागच्या बॅचच्या सीनियरने तोंडी सांगितलेला नियम नियम समजू नका. त्या वर्षीचं पुस्तक आणि त्यानंतर आयोजक प्रसिद्ध करतात ती प्रश्नोत्तरं, दोन्ही छापून वर्कशॉपच्या भिंतीला लावा. शंका असेल तर लेखी विचारा आणि उत्तराची प्रत फाइलमध्ये ठेवा. तपासणीच्या टेबलावर तेवढीच उपयोगी पडते.

एका स्पर्धेचा नियम दुसरीला लावण्याची चूक बरीच होते. शाळेत असताना फर्स्ट टेक चॅलेंज किंवा फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन खेळून आलेली मुलं आता कॉलेजच्या टीममध्ये दिसतात, आणि त्यांच्या डोक्यात तिथलेच नियम पक्के बसलेले असतात. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये रोबोवर एकच बॅटरी लागते, आणि ती १२ व्होल्टची, सुमारे १८ अँपिअर-तासांची सीलबंद लेड-ॲसिडच असावी लागते. तिच्यापाठोपाठ १२० अँपिअरचा मेन ब्रेकर. म्हणजे तिथे जी सक्तीची, तीच रोबोकॉनमध्ये बंद. फर्स्ट टेक चॅलेंजमध्ये १२ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड पॅक असतो, साधारण ३००० मिलिअँपिअर-तासांचा, आणि त्याच्या तारेतच २० अँपिअरचा फ्यूज बसवलेला येतो. यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. शाळकरी मुलांच्या हातात पेट न घेणारी बॅटरी द्यायची, मग वजन वाढलं तरी चालेल. सीलबंद लेड-ॲसिड सहसा जळत नाही. पण ती पडून तडकली तर आम्ल गळतं, म्हणून त्या स्पर्धांच्या पिटमध्ये (टीमच्या दुरुस्तीच्या जागेत) आम्ल मारायला खाण्याचा सोडा ठेवलेला असतो. रोबोकॉनच्या रोबोंना हलकेपणा लागतो, म्हणून इथे लिथियम आली, आणि तिच्याबरोबर आगीची जबाबदारीही आली.

दुसरी पायरी: २४ व्होल्ट म्हणजे नक्की किती

नव्या टीमचा सर्वांत जास्त गोंधळ इथे उडतो, म्हणून जरा सावकाश.

लिथियम पॉलिमरच्या, म्हणजे लायपोच्या, एका सेलचा नाममात्र व्होल्टेज ३.७ असतो. पूर्ण भरल्यावर तो ४.२ होतो. सहा सेलचा पॅक, ज्याला सगळे ६एस म्हणतात, नाममात्र २२.२ व्होल्टचा, पण चार्जरवरून काढल्या काढल्या मल्टीमीटर २५.२ दाखवतो. सात सेलचा पॅक नाममात्रच २५.९ भरतो, म्हणजे तो विषयच संपला. रोबोकॉनमध्ये सर्रास दिसणारा वरचा पॅक ६एस असतो तो म्हणूनच. तरीही ताज्या भरलेल्या ६एसचे २५.२ त्या वर्षीच्या नियमात बसतात का, म्हणजे मर्यादा लेबलवरच्या आकड्याला आहे की मीटरवरच्या, हे प्रश्नोत्तरांत तपासा. तिथे नसेल तर विचारा. हा प्रश्न मोटर मागवण्याआधी विचारायचा असतो.

दुसरा सापळा लिथियम आयर्न फॉस्फेटचा. ही बॅटरी लायपोपेक्षा बरीच शांत, सहजासहजी पेटत नाही, म्हणून ती निवडण्याचा मोह योग्यच आहे. पण तिचा सेल ३.२ व्होल्टचा, आणि बाजारात '२४ व्होल्ट' म्हणून मिळणारा पॅक आठ सेलचा असतो. नाममात्र २५.६, पूर्ण भरल्यावर २९.२. लेबलवर २४ लिहिलंय म्हणून घेतला आणि तपासणीत अडकला असं व्हायला नको. सात सेलचा बांधून घेतला तर २२.४ भरतो.

तिसरा सापळा बेरजेचा. मोटरसाठी एक ६एस आणि कंट्रोल बोर्डसाठी वेगळा ३एस ठेवणं ही चांगली पद्धत आहे. मोटरने जोर मारला तरी बोर्ड रीसेट होत नाही. पूर्ण भरलेले दोन्ही मिळून २५.२ अधिक १२.६, म्हणजे ३७.८. ४२च्या आत. पण कुणी उत्साहाने चाकांना एक ६एस आणि वरच्या यंत्रणेला दुसरा स्वतंत्र ६एस दिला, तर बेरीज ५०.४ होते. दोन पॅक पॅरलल जोडून एकच २४ व्होल्टची लाइन केली तर हा प्रश्न उरत नाही. मात्र पॅरलल जोडताना दोन्ही पॅक एकाच जातीचे, एकाच वयाचे आणि व्होल्टेजने जवळजवळ सारखे हवेत. नाहीतर जोडल्या क्षणी भरलेला पॅक रिकाम्यात बेफाम करंट ओततो.

बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) वापरत असाल तर त्याचं आउटपुटही याच ४२च्या हिशेबात धरा. आणि मोटर ड्रायव्हर निवडताना थोडी वरची सोय ठेवा. रोबो एकदम थांबवला की फिरती मोटर जनरेटर होते आणि लाइनवरचा व्होल्टेज क्षणभर बॅटरीच्याही वर चढतो. 'कमाल २४ व्होल्ट' असं लिहिलेला ड्रायव्हर ६एसवर लावू नका.

तिसरी पायरी: किती मोठी बॅटरी

मॅच ३ मिनिटांची असते. चार मोटरचा बेस धरा. प्रत्येक मोटर चालताना सरासरी ६ अँपिअर घेते, अडकली तर २५. सरासरी २४ अँपिअर ३ मिनिटं, म्हणजे १.२ अँपिअर-तास. वरच्या यंत्रणेला तेवढेच धरले तरी अडीचच्या आत. त्यामुळे ५००० मिलिअँपिअर-तासांचा पॅक एका मॅचला पुरून उरतो. क्षमतेच्या ८० टक्क्यांहून जास्त वापरायचं नाही हा शिरस्ता पाळूनही उरतो. दहा हजार मिलिअँपिअर-तासांचा पॅक लावणाऱ्या टीम दिसतात. त्या नुसतं वजन वाहतात. अलीकडच्या पुस्तकांत सगळ्या रोबोंचं मिळून वजन ५० किलोंत बसवायचं असतं, आणि बसवलेली बॅटरी त्यात धरली जाते. राखीव बॅटरी त्याच प्रकारची असेल तर तिला सूट असते.

क्षमतेपेक्षा क्षणिक करंट महत्त्वाचा. चारही मोटर एकदम अडकल्या तर १०० अँपिअर. लेबलवर '२५सी', म्हणजे क्षमतेच्या २५ पट करंट, असेल तर ५ अँपिअर-तासांच्या पॅकने १२५ अँपिअर द्यायला हवेत. पण हे सी-रेटिंग कंपन्या सढळ हाताने छापतात. मी त्यातलं निम्मंच खरं धरायला सांगतो. त्याऐवजी चार्जरवर सेलचा अंतर्गत रोध मोजा. पॅकचा एकूण रोध २५ मिलिओहम असेल तर १०० अँपिअरला अडीच व्होल्ट आतल्या आतच पडतात आणि त्याची उष्णता होते. पॅक जुना होतो तसा हा रोध वाढत जातो. म्हणून नवा असतानाचा आकडा लिहून ठेवला की पुढे तो पॅक कधी निवृत्त करायचा हे कळतं.

चौथी पायरी: खरेदी

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, किंवा ऑनलाइन. कुठूनही घ्या, बिल घ्या. पॅक आला की दुकानातच किंवा पार्सल उघडताच बॅलन्स कनेक्टरवर (प्रत्येक सेलची तार बाहेर आणणारा छोटा प्लग) प्रत्येक सेलचा व्होल्टेज मोजा. नवा पॅक साठवणीच्या व्होल्टेजला, ३.८च्या आसपास येतो आणि सगळे सेल एकमेकांच्या अगदी जवळ असतात. एखादा सेल ३.३ दाखवत असेल तर तो पॅक परत करा, 'चार्ज केल्यावर नीट होईल' हे ऐकू नका. पिशवी किंचितही फुगलेली असेल तर तोच निर्णय.

मग प्रत्येक पॅकवर मार्करने क्रमांक टाका आणि एक वही करा. तारीख, कुणी चार्ज केली, सुरुवातीचा आणि शेवटचा व्होल्टेज, कुठल्या मॅचला गेली, पडली का. वही कंटाळवाणी वाटते हे मान्य. पण फायनलच्या आधी 'ही भरलेली की ती' या प्रश्नाचं उत्तर फक्त वहीच देते.

पाचवी पायरी: जोडणी

बॅटरीच्या तारा हाताळण्याआधी हातातलं कडं, अंगठी, घड्याळ, गळ्यातली चेन काढा. २४ व्होल्टचा शॉक जाणवणार नाही, पण लायपोचे दोन टोक धातूने जोडले गेले तर ते कडं लाल होऊन कातडीला चिकटतं.

कनेक्टर बदलायचा झाला तर पॅकच्या दोन्ही तारा कटरने एकदम कधीही कापू नका. कटरचं पातंच शॉर्ट सर्किट करतं. एक तार कापा, तिला कनेक्टरचं टोक सोल्डर करा, हीट श्रिंक चढवा, मगच दुसरीला हात लावा. बॅटरीच्या बाजूला कनेक्टरचा असा भाग हवा ज्याचा धातू आत झाकलेला असतो. एक्सटी६० साधारण ६० अँपिअरसाठी, एक्सटी९० त्याहून मोठ्या प्रवाहासाठी. ६एस जोडताना 'चट्ट' करून ठिणगी पडते ती ड्रायव्हरमधले कपॅसिटर एकदम भरल्यामुळे. त्याने कनेक्टर हळूहळू जळतो. ठिणगी न पाडणारा एक्सटी९० मिळतो, तो वापरा.

बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वितभराच्या आत फ्यूज. फ्यूज बॅटरी वाचवण्यासाठी नसून तार वाचवण्यासाठी असतो, म्हणजे तारेला जेवढं झेपतं त्यापेक्षा फ्यूजचा आकडा लहान हवा. गाड्यांचे ब्लेड फ्यूज सहज मिळतात, डीसीसाठीच, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेसाठी, बनलेले असतात आणि आकड्याच्या दीडदोनपट करंट क्षणभर सोसतात, त्यामुळे मोटर सुरू होतानाचा झटका निघून जातो. मुख्य लाइनला एक आणि प्रत्येक ड्रायव्हरला एक असे लावा. घरातल्या एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या, विजेचा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) काढून रोबोवर बसवलेला मी पाहिला आहे. तो काढा. एसीमध्ये प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीमध्ये ती सोय नसते.

मुख्य तार सिलिकॉन इन्सुलेशनची घ्या. ती मऊ असते आणि गरम झाली तरी वितळत नाही. चार किंवा सहा स्क्वेअरची, म्हणजे तेवढ्या चौरस मिलिमीटर जाडीची, सांगा, दुकानदाराला बरोबर कळतं. लाल पॉझिटिव्ह, काळी निगेटिव्ह, आणि हा नियम रात्री दोन वाजता लाल तार संपली तरी मोडायचा नाही. लग, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची कडी, लावायचा तर क्रिंपिंग टूलने दाबा, पक्कडीने चेपलेला लग मॅचच्या धक्क्यांनी सुटतो.

इमर्जन्सी स्टॉपबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ते लाल मशरूमसारखं बटण मुख्य लाइनमध्ये थेट घालून मोकळं व्हायचं. त्या बटणाचे संपर्क मोटरच्या डीसी करंटसाठी बनलेले नसतात. दोन-चार वेळा तोडल्यावर ते आतून चिकटतात, आणि मग खऱ्या गरजेच्या वेळी बटण दाबलं तरी रोबो थांबत नाही. बटणाने २४ व्होल्टच्या डीसी कॉन्टॅक्टरच्या (मोठा करंट तोडणाऱ्या विजेवरच्या स्विचच्या) कॉइलची वीज तोडा, आणि मुख्य करंट कॉन्टॅक्टरला तोडू द्या. बटणाचा संपर्क एरवी बंद असणारा, म्हणजे नॉर्मली क्लोज्ड, घ्या. त्यामुळे बटणाची तार तुटली तरी रोबो थांबतोच. सॉफ्टवेअरमधला स्टॉप हा इमर्जन्सी स्टॉप नव्हे. आणि बटण अशा जागी हवं जिथे धावत्या रोबोच्या हाताखाली न जाता माणसाचा हात पोचेल.

आता बसवण्याची जागा. बॅटरीला स्वतःचा खोका हवा. ॲक्रिलिक, थ्रीडी प्रिंट, ॲल्युमिनियम, काहीही चालेल, पण आतून फोमचं अस्तर, एकही स्क्रूचं टोक आत डोकावणारं नको, आणि वरून वेल्क्रोचा पट्टा. लायपोला कडक कवच नसतं, एक टोकदार स्क्रू तिला पुरतो. चॅसीच्या बाहेरच्या कडेला ठेवू नका, धडक तिथेच बसते. आणि दोन जणांना मिळून ३० सेकंदांत बॅटरी काढता आली पाहिजे. काढायला चार नट खोलावे लागत असतील तर खोका पुन्हा बनवा.

हवेची बाटली वापरत असाल तर तीही ऊर्जास्रोतच आहे. प्लॅस्टिकची बाटली कोरीच हवी. ओरखडा, घडी, उन्हात पिवळी पडलेली चालत नाही. दाबाची मर्यादा सांभाळणारा रेग्युलेटर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह लावा, आणि दुरुस्तीला हात घालण्याआधी बॅटरी काढायची तशीच हवाही सोडायची.

सहावी पायरी: चार्जिंग

लायपोला आग बहुतेक वेळा चार्जिंगवर किंवा त्यानंतर लगेच लागते. म्हणून वर्कशॉपमध्ये चार्जिंगचा एक कोपरा ठरवा: खाली फरशी किंवा सिमेंटचा थर, आजूबाजूला कागद, थर्माकोल, थिनर नाही, शेजारी वाळूची बादली, आणि मेन स्विच आगीच्या वरून हात न नेता बंद करता येईल असा. हॉस्टेलच्या खोलीत, गादीवर, पलंगाखाली चार्जिंग पूर्ण बंद. रात्री लावून झोपायचं नाही. चार्जिंग चालू असेपर्यंत तिथे एक जागा माणूस हवा, आणि त्या दिवशी तो कोण ते फळ्यावर लिहा.

नेहमी बॅलन्स मोडवर, म्हणजे सगळे सेल सारखे भरत, १सी दराने. पाच अँपिअर-तासांच्या पॅकला ५ अँपिअर. इथे चार्जरची ताकद बघा: २५ व्होल्टला ५ अँपिअर म्हणजे १२५ वॉट. ८० वॉटचा स्वस्त चार्जर ६एसला जेमतेम ३ अँपिअर देतो, म्हणजे एक पॅक भरायला पावणेदोन-दोन तास. सहा पॅक आणि एक चार्जर असं गणित मॅचच्या दिवशी जमत नाही. हे बजेट मांडतानाच ध्यानात ठेवा.

चार्जरच्या पडद्यावर बॅटरीचा प्रकार आणि सेलची संख्या प्रत्येक वेळी वाचा, मोठ्याने. चुकीच्या प्रकारावर लावलेला चार्जर सेल ४.२च्या पुढे नेऊ शकतो आणि तिथून आग फार लांब नसते. केबल जोडताना आधी चार्जरमध्ये, मग बॅटरीला. काढताना उलट. उलट्या क्रमाने जोडलं तर बॅटरीला लावलेल्या केबलची उघडी बनाना टोकं एकमेकांना चिकटतात.

मॅचवरून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जरवर चढवू नका, हाताला गार लागू द्या. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात किंवा दिल्लीच्या जुलैच्या उकाड्यात तिला तासभरही लागू शकतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बॅटऱ्या ठेवणं तर कटाक्षाने टाळा.

खेळताना प्रत्येक सेल ३.५च्या खाली जाऊ द्यायचा नाही, म्हणजे ६एस २१ व्होल्टला आला की बदला. बॅलन्स कनेक्टरला लावायचा छोटा बझर अलार्म स्वस्तात मिळतो, तो सरावात कायम लावून ठेवा. तीनच्या खाली गेलेला पॅक पुन्हा भरण्याचा प्रयत्न करू नका.

सातवी पायरी: फुगली, धुरावली, पेटली तर

पॅक फुगला, पडून त्याला खोच आली, किंवा गोडसर सॉल्व्हंटसारखा वास यायला लागला, तर तो त्या क्षणापासून रोबोचा राहिला नाही. उघड्यावर, वाळूच्या बादलीत ठेवा आणि काही तास लांबून लक्ष ठेवा. टाचणी टोचून 'गॅस काढायचा' प्रकार कुणी सुचवला तर त्याला थांबवा.

पेटली तर आधी माणसं बाहेर. धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतं, ते फुप्फुसाला घातक. जमल्यास मेन स्विच बंद करा. पॅक लहान असेल, सुरुवातच असेल आणि लांब चिमटा हाताशी असेल तरच तो उचलून बाहेर वाळूत टाका. नाहीतर दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ला फोन करा. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा बसतात, पण आतला तापलेला सेल शेजारच्या सेलला पेटवत जातो आणि मिनिटाभरात पुन्हा भडका उडतो. खरं काम थंड करण्याचं असतं, आणि मेन बंद केल्यावर त्यासाठी भरपूर पाणी हाच चांगला उपाय. लिथियमवर पाणी नको हा समज धातुरूप लिथियमपुरता खरा आहे, लायपोमध्ये ते त्या रूपात जवळजवळ नसतं.

हे सगळं टीममधल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं. वर्षाच्या सुरुवातीला एकदा, खोट्या पॅकवर, सगळ्यांकडून करून घ्या.

आठवी पायरी: प्रवास

विमानाने जाणार असाल तर वॉट-तास काढा: नाममात्र व्होल्टेज गुणिले अँपिअर-तास. १०० वॉट-तासांपर्यंतची सुटी बॅटरी केबिन बॅगेत नेता येते. १०० ते १६०मध्ये विमान कंपनीची आधी परवानगी लागते आणि माणशी दोनच. १६०च्या वर प्रवासी विमानात बंदी. चेक-इनच्या सामानात सुटी लिथियम बॅटरी कधीच नाही. ६एस ५००० म्हणजे १११ वॉट-तास, परवानगी हवी. ६एस ४५०० म्हणजे ९९.९, परवानगीची गरज नाही. मॅचला दोन्ही पुरतात, तेव्हा बाहेरगावी फेरी असेल तर ४५००च घ्या, असं माझं मत.

रेल्वेने जाताना रोबोचे खोके पार्सलमध्ये गेले तरी बॅटऱ्या तुमच्याजवळ हव्यात. साठवणीच्या व्होल्टेजला आणलेल्या, टोकांना टोप्या किंवा टेप, प्रत्येक पॅक वेगळ्या आगरोधक पिशवीत. डब्यातल्या सॉकेटवर चार्जिंग नाही.

नववी पायरी: तपासणी

तपासणीला जाताना बरोबर एक पान न्या: वायरिंगचं साधं चित्र, त्यावर बॅटरीचा प्रकार, नाममात्र आणि पूर्ण व्होल्टेज, फ्यूजचे आकडे, तारेचे आकार, इमर्जन्सी स्टॉप कुठे तोडतो ते. मल्टीमीटरची टोकं लावता येतील अशी दोन झाकलेली चाचणी-टोकं बाहेर काढून ठेवा. ४२ व्होल्टची मर्यादा मोजून दाखवायला सांगितलं तर अर्धा रोबो उघडावा लागत नाही. परीक्षकासमोर चालत्या मोटरवर बटण दाबून दाखवा. बॅटरीबद्दल उत्तर देणारा एकच जण ठरवा, आणि तो जोडणी स्वतः केलेला असावा. परीक्षक एखादी गोष्ट बदला म्हणाला तर वाद न घालता बदला, आणि बदलल्यावर रोबो पूर्ण चालवून बघा.

राखीव पॅक, राखीव फ्यूज, एक जास्तीचा कॉन्टॅक्टर हे पिटमध्ये वेगळ्या डब्यात. भरलेल्या पॅकला हिरवी टेप, वापरलेल्याला लाल.

दहावी पायरी: स्पर्धा संपल्यावर

परतल्यावर सगळे दमलेले असतात आणि बॅटऱ्या तशाच बॅगेत राहतात. पूर्ण भरलेला लायपो महिनोन्‌महिने ठेवला तर फुगतो, रिकामा ठेवला तर मरतो. म्हणून घरी जाण्याआधी प्रत्येक पॅक चार्जरच्या स्टोरेज मोडवर लावून सेलला ३.८ व्होल्टवर, ६एस असेल तर २२.८ व्होल्टवर आणा. रोबोतून काढा, धातूच्या पेटीत पण झाकण घट्ट न लावता, सावलीत ठेवा. परीक्षा आणि दिवाळीच्या सुट्टीतही महिन्यातून एकदा कुणीतरी मोजावं, आणि वहीत लिहावं.

निवृत्त करायचे पॅक कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कचरागाडीच्या प्रेसमध्ये ते दाबले जाऊन पेटतात. पॅक धडधाकट पण जुना असेल तर मोकळ्या जागेत ट्रकच्या हेडलाइटचा २४ व्होल्टचा बल्ब लावून तो विझेपर्यंत रिकामा करा, टोकांना टेप लावा. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था लावणं ही उत्पादकांची जबाबदारी आहे. तेव्हा विक्रेत्याला विचारा, किंवा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्या आणि पावती घेऊन वहीत चिकटवा. फुगलेला पॅक मात्र स्वतः रिकामा करायच्या भानगडीत न पडता, वाळूच्या डब्यातच त्यांच्याकडे पोचवा आणि देताना तो फुगलेला आहे हे स्पष्ट सांगा.